डॉक्टरबाई, तो एक प्रश्न पुन्हा विचारल्याबद्दल

प्रिय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

डिस्चार्जच्या दिवशी फाईल, बिलं आणि गोळ्यांचं वेळापत्रक यांतच आम्ही अडकलो होतो. पुढे तपासणीला आलो तेव्हा तुमच्या दाराबाहेरची रांग बघून दोन शब्द बोलायचंही धाडस झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. चार लोकांनी वाचलं तर बरंच, कारण आईने जो गुळवेलीचा काढा घेतला तो आमच्या फोंडा तालुक्यात अजून कितीतरी घरांत सकाळी उकळतो.

आई तुमच्याकडे आली तेव्हा डोळे पिवळेजर्द, लघवी गडद आणि अन्नावरची वासना पार उडालेली. तोवर गावातले सगळे उपाय सुचवून झाले होते. कुणाला कावीळ उतरवणारा माहीत होता, कुणी उसाचा रस धाडला. एका दवाखान्यात ‘व्हायरल असणार, विश्रांती घ्या’ म्हणून बोळवण झाली. पण हिपॅटायटिसच्या ए, बी, सी, ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नाहीत. दारूचा तर प्रश्नच नाही. (गोव्यात हे जरा मोठ्याने सांगावं लागतं.)

तुम्ही स्टूल ओढून तिच्या खाटेशी बसलात आणि विचारलंत, “काकी, घरांत आनी कितें घेतात?” आई म्हणाली, थायरॉईडची गोळी, बाकी काही नाही. दुसरं कुणी असतं तर तेवढं लिहून पुढच्या खाटेकडे वळलं असतं. तुम्ही बसून राहिलात आणि पुन्हा विचारलंत: काढा, चूर्ण, कसला पाला, कसला रस? तेव्हा कुठे ती बोलली, “गुळवेल घेतां गो. तें कितें वखद न्हय.” म्हणजे, ते काही औषध नव्हे.

कोविडच्या दिवसांत शेजारणीच्या सांगण्यावरून धरलेली गुळवेल तिने मध्ये सोडली होती, आणि यंदा पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा सुरू केली होती. कुळागरातल्या, म्हणजे आमच्या बागायतीतल्या, आंब्यावर चढलेली वेल. तिचा बोटभर तुकडा ठेचून, उकळून, रोज अनशापोटी. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण औषधांची यादी सांगताना ते कुणाच्या तोंडी आलं नाही. तुम्ही तिला ओरडला नाहीत, हसलाही नाहीत, याचे मला वेगळे आभार मानायचे आहेत. एक वाकडा शब्द आला असता तर आईने तोंड मिटून घेतलं असतं.

भाऊ तुमच्याशी वाद घालायला आला होता. शेकडो वर्षं लोक घेतात, मग आताच कसं काय? तुम्ही त्यालाही खुर्ची दिलीत. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे आधी तपासायला हवं होतं. आणि हा आक्षेप तुम्हाला रास्त वाटतो, असंही तुम्ही सांगितलंत. मग 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांनी मिळून गुळवेलीनंतर यकृत बिघडलेल्या 43 रुग्णांचा अभ्यास मांडला. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही. काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते किंवा आधीच दबून असलेला तसा आजार वर येतो. आईचा थायरॉईडही त्याच जातीचा, हे तेव्हा आम्हाला कळलं. भाऊ गप्प झाला. त्याला गप्प करणं सोपं नाही, हे घरचे जाणतात.

शिकवायची तुमची हौसही मोठी. रक्ततपासणीतला एसजीपीटीचा आकडा हजारांतून शेकड्यांत उतरला तेव्हा भावाने फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. तुम्ही रिपोर्ट उलटा केलात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहून दाखवलंत. यकृताच्या पेशींना मार बसला की एसजीपीटी रक्तात सांडतो, म्हणजे तो नुकसानीचा आकडा. तो उतरला म्हणजे मार थांबला असेल, किंवा मार खायला पेशीच फारशा उरल्या नसतील. यकृत काम करतंय का, हे आयएनआरला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या आकड्याला, विचारायचं. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवतं आणि त्यांतला सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, त्यामुळे आजचं काम आजच दिसतं. अल्ब्युमिन हे यकृतातच बनणारं प्रथिन जवळपास तीन आठवडे टिकतं, ते जुनी गोष्ट सांगतं. आयएनआर वाढलेला दिसल्यावर घाबरण्याआधी तुम्ही व्हिटॅमिन के दिलंत आणि पुन्हा रक्त तपासलंत, कारण पित्त अडलं की रक्त गोठायला लागणारं ते जीवनसत्त्व शरीरात शोषलं जात नाही आणि तेवढ्यानेही आकडा चढतो. दुसऱ्या दिवशी आयएनआर खाली आला. त्या आकड्याभोवती तुम्ही काढलेलं निळं वर्तुळ अजून आमच्या फाईलमध्ये आहे.

बायोप्सीला, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासायला, आई राजी नव्हती. बरगड्यांमधून सुई जाणार म्हटल्यावर कोण होईल? तुम्ही तिला असा काढलेला एक तुकडाच बाटलीत दाखवलात, तुटक्या शेवयेएवढा, आणि पुढे काही तास उजव्या कुशीवर का पडून राहायचं तेही सांगितलंत. आईच्या यकृताचा तुकडा, रक्तातल्या अँटीबॉडीज आणि काढ्याची हकिकत एकत्र ठेवूनच तुम्ही उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारं स्टेरॉईड सुरू केलंत. औषधाने यकृत बिघडलं असं ठामपणे सांगणारी एकही रक्ततपासणी नाही, बाकीची कारणं एकेक करून बाद करत जावं लागतं, हे तुम्ही आमच्यापासून लपवलं नाहीत. ‘शक्यता दाट आहे’ असंच म्हणालात. मला तरी त्यानेच धीर आला.

स्टेरॉईडचा डोस आता उतरत आलाय. आईच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला आहे आणि चतुर्थीच्या पातोळ्या यंदा कुणी करायच्या यावरून तिची सुनेशी नेहमीसारखी जुंपली आहे. डोस थांबवल्यावर आजार उलटतो का, यावर लक्ष ठेवायला हवं, हे आम्ही विसरलेलो नाही. रक्ताची तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा तो फॉर्म तुम्ही जेवणाच्या सुट्टीत बसून भरलात. वेलीचा पानांसकट तुकडा मागितलात, तो वर्तमानपत्रात गुंडाळून भावाने आणला. वनस्पतीशास्त्राच्या ज्या सरांना तुम्ही तो दाखवला त्यांनी खोडावर क्रिस्पाच्या ठळक गाठी आहेत का ते पाहिलं, पानं तपासली आणि ही गुळवेलच असं सांगितलं. एवढा खटाटोप एका पेशंटसाठी कोण करतं?

केस लिहून काढायला आईची परवानगी तुम्ही मागितली होती. ती आहे, सही करून फाईलमध्ये ठेवली आहे, पुढच्या खेपेला घेऊन येते. नाव छापू नका म्हणते. पण वेल बाजारातली भेसळीची नव्हती, आमच्याच आंब्यावरची होती, हे मात्र न चुकता लिहा, असा तिचा आग्रह आहे. आंब्याचा आणि वेलीचा फोटो हवा असेल तर कळवा, उन्हं असताना काढून पाठवते.

तुमची आभारी,
खाटेवरच्या काकींची मुलगी
फोंडा, गोवा