माझा रिपोर्ट आणि तुझी बिअर

नाशिक, रविवार

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, रक्तातच असेल तर मी बिअर सोडून काय फरक पडणार?" मी गप्प बसलो. फोनवर मला काही सुचत नाही, तुला माहीतच आहे.

आधी बातमी. माझा रिपोर्ट आला. आत्याच्या तपासणीत बीआरसीए-२ या जनुकात सापडलेला, स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष माझ्यातही आहे. म्हणजे तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी, छापा-काटा. आपल्याकडे सगळे धरून चालतात की स्तनाचा कॅन्सर आईच्या माहेरून येतो. बापाकडूनही तितकाच येतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

समुपदेशक बाईंनी समजावलं ते असं. हे जनुक रफूगाराचं काम करतं. पेशीतल्या डीएनएचा धागा तुटला की जोडायचा. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. माझी एक जन्मापासूनच बिघडलेली. दुसरी चालू आहे तोवर काम भागतं; तीही बिघडली की कॅन्सरला वाट मिळते. कापड मात्र रोज फाटतच असतं, तंबाखूने, उन्हाने, आणि हो, दारूनेही. दारू पचताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते थेट डीएनएवर घाव घालतं.

तू लगेच आजीचं उदाहरण देशील. आजी तव्यावर तंबाखू भाजायची, घरभर सगळे शिंकायचे, मग ती मिश्री खलून पितळी डबीत भरायची. शहाऐंशी वर्षं जगली, तोंडात साधा फोडही आला नाही. त्याच आजीचं बघून मी कॉलेजात तळहातावर तंबाखू-चुना मळायला लागलो आणि वीस वर्षं मळत राहिलो. गालात पांढरा चट्टा आला तेव्हा सुटली. आपल्याला आठवते ती वाचलेली आजी; शेजारची जबडा काढलेली काकू कुणी उदाहरणाला घेत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये बीआरसीए-१ या जोडीच्या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली. २००३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क भागातल्या ज्यू कुटुंबांचा अभ्यास छापला. या दोन्हींपैकी एका बीआरसीए जनुकात दोष असलेल्या ज्या बायका १९४० च्या आधी जन्मल्या, त्यांच्यात पन्नाशीपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका २४ टक्के निघाला. १९४० नंतर जन्मलेल्यांत ६७ टक्के! दोष तेच, आजीचे नातीत आलेले. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत, बदललं ते जगणं. किशोरवयात ज्या अंगमेहनत करत होत्या, लठ्ठ नव्हत्या, त्यांना आजार उशिरा गाठत होता. हे वाचून मी रात्री बराच वेळ गॅलरीत बसून होतो. तुझ्या दहावीत क्लासची वेळ होते म्हणून तुझं खो-खो मीच बंद केलं होतं ना.

व्यायामाने दोष पुसला जातो असं मात्र समजू नकोस. बीआरसीए-२ असेल तर ऐंशीपर्यंत सुमारे ६९ टक्के धोका सांगतात, तो भाजीच्या रसाने शून्य होत नाही. व्हॉट्सॲपवरचे काढे मला पाठवू नकोस, तुझा मामा पाठवतोच आहे. पंचविशीनंतर दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, ही खरी राखण. आत्याला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

तपासणी करायची की नाही, ते तुझं तू ठरव. तू सव्वीस वर्षांची आहेस, मी मागे लागणार नाही. रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवली आहे, त्यातली ती अक्षरं-आकड्यांची ओळ प्रयोगशाळेला दाखवलीस की तेवढीच जागा तपासतात, खर्चही कमी येतो. आई सोबत येते म्हणते. मलाही यायचंय, पण तू म्हणशील तर बाहेर बाकावर बसेन.

तुझा,
बाबा

ता. क. दादाला मी वेगळं लिहितोय. मुलग्यांनाही हे लागू आहे, पुढे प्रोस्टेटकडे लक्ष ठेवावं लागतं. त्याला आधी तू काही बोलू नकोस.