विषय: ‘नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) सगळीकडे चालतो’ असं सांगून जेईईचा फॉर्म भरू न दिल्याबद्दल, आणि मुलीचे ड्रॉइंगचे शीट परत मिळण्याबद्दल

प्रति,
ब्रँच मॅनेजर, आणि तक्रारीचे मेल खरंच कोणी वाचत असेल तर ते

नमस्कार,

हा माझा चौथा मेल आहे. आधीच्या तिन्ही मेलला एका मिनिटात तेच उत्तर आलं की तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे, आणि नंतर काहीच नाही. म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहून राहिले. लांब झालं तर झालं, तुम्ही पण फी घेताना दोन तास बसवून ठेवलं होतं आम्हाला.

मी अकोल्याची, एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या मुलीला आर्किटेक्चरच करायचं होतं, हे खूळ आम्ही नाही घातलं डोक्यात. आठवीत असताना बाळापूरला गेलो होतो तिथे नदीकाठी मिर्झा राजा जयसिंगाची छत्री आहे, ती बघून ही पोरगी दोन तास जागची हलली नाही, वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने कमानी काढत बसली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही ए ग्रेड. म्हणून अकरावी संपल्यावर जून २०२४ मध्ये तुमच्या नाटाच्या क्लासला नाव घातलं. ६५,००० फी, वर १८ टक्के जीएसटीचे ११,७००, एकूण ७६,७००, एकरकमी. हप्ते करा म्हटलं तर तुमचे सर म्हणाले काकू आज भरले तर ॲडमिशनचं काउन्सेलिंग फ्री. त्या फ्रीनेच आमचा घात केला, तो सांगते.

फेब्रुवारीत मुलीने मला विचारलं की आई जेईईचा पेपर टू पण द्यायचा का, शाळेतल्या एका मैत्रिणीने भरलाय. मला यातलं काय कळतंय, म्हणून ११ फेब्रुवारीला मी तुमच्या काउन्सेलर सरांना व्हॉट्सॲपवर सरळ विचारलं, मुलीला नागपूरला व्हीएनआयटी या केंद्राच्या कॉलेजात जायचंय आणि जमलं तर दिल्ली किंवा भोपाळच्या एसपीएला, म्हणजे केंद्राच्याच आर्किटेक्चरच्या कॉलेजला, तर जेईई भरू का. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते, स्क्रीनशॉट जोडलाय: “मॅडम जेईई इंजिनिअरिंगवाल्यांसाठी असते, आर्किटेक्चरला नाटा सगळीकडे चालतो, दोन दोन एक्झामचं टेन्शन देऊ नका मुलीला.” खाली एक हसरा चेहरा. त्या दिवशी एप्रिलच्या सेशनचा फॉर्म चालू होता हो. भरायला अर्धा तास लागला असता.

आता मला जे कळलंय ते तुम्हालाच सांगायची वेळ आली आहे. व्हीएनआयटी असो, बाकीच्या एनआयटी असो की दिल्ली, भोपाळ, विजयवाडाची एसपीए असो, तिथे बी.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या डिग्रीला, जेईई मेनचा पेपर २ए (त्याच पेपर टूचा आर्किटेक्चरचा भाग) लागतो आणि जागा जोसामधून, म्हणजे केंद्राच्या ॲडमिशन प्रक्रियेतून, मिळतात. नाटाचे २०० पैकी २०० असले तरी तिथे उपयोग शून्य. आयआयटीत खरगपूर, रुरकी आणि वाराणसीला बी.आर्क. आहे तिथे तर जेईई ॲडव्हान्स पास होऊन वर एएटी ही आर्किटेक्चरची वेगळी परीक्षा द्यावी लागते, ते आमचं स्वप्न पण नव्हतं, जाऊ द्या. पण व्हीएनआयटीत निम्म्या जागा आपल्या राज्यातल्या पोरांसाठी असतात. म्हणजे जिथे आमच्या पोरीला सगळ्यात जास्त चान्स होता नेमकं तेच दार तुम्ही एका हसऱ्या चेहऱ्याने बंद केलं.

आणि आम्हाला हे कळलं कधी, तर जूनमध्ये. जोसाचं रजिस्ट्रेशन सुरू झालं म्हणून मी ऑफिसातून लवकर घरी आले, आम्ही दोघी लॅपटॉप उघडून बसलो, आणि सुरुवातीलाच जेईईचा ॲप्लिकेशन नंबर मागितला. मुलगी म्हणाली आई आपल्याकडे नाहीये हा नंबर. मी म्हटलं शोध, नाटाचाच असेल दुसऱ्या नावाने. अर्धा तास शोधलं आम्ही तो नंबर जो कधी नव्हताच. सरांना फोन लावला तर म्हणे “अच्छा तुम्हाला सेंट्रलचं हवं होतं का, मला वाटलं स्टेटचं विचारताय.” काय म्हणावं याला? मेसेजमध्ये व्हीएनआयटी, दिल्ली, भोपाळ तीन तीन नावं लिहिली होती मी.

तो पेपर काही आभाळातून पडलेला नाही. मॅथ्सचे २५ प्रश्न, ॲप्टिट्यूडचे ५० आणि ड्रॉइंगचे २, एकूण ४०० मार्क. मॅथ्स ती बारावीसाठी करतच होती, ड्रॉइंग तिचं हातातलं. एवढ्यावर सीट मिळालीच असती असं मी म्हणत नाही, तितकी भाबडी मी नाही. पण पेपर देऊन नापास होणं वेगळं आणि कोणी फॉर्मच न भरू देणं वेगळं, पहिल्यात निदान पोरीचं स्वतःचं काहीतरी असतं.

आता नाटाचं. ज्या परीक्षेसाठी तुम्ही पैसे घेतले ती तरी धड शिकवायची ना. २०२४ पासून नाटाचा पॅटर्न बदलला हे नाटा घेणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय. आधी सगळं कॉम्प्युटरवर होतं, आता पार्ट ए कागदावर, ८० मार्कांचा, दीड तास, त्यात रंगाची काँपोझिशन २५, काळंपांढरं स्केचिंग २५ आणि ३० मार्कांचं थ्रीडी, म्हणजे सेंटरवर एक किट देतात आणि त्यातून हाताने काहीतरी उभं करायचं असतं. तुमच्या ॲपवर आमच्या मुलीने सगळे व्हिडिओ बघितले, कुठेही किट नाही, कागद कापणं नाही, काही नाही. मी विचारलं तर सांगितलं मॅडम थ्रीडी सातव्या चॅप्टरला आहे. सातव्या चॅप्टरला ठोकळ्यांची चित्रं आहेत, वरून कसा दिसेल, बाजूने कसा दिसेल, चार पर्यायांतून एक निवडा. अहो ते जुन्या पेपरचं आहे!

एप्रिलमध्ये नागपूरला सेंटर होतं, आदल्या दिवशी जाऊन बहिणीकडे राहिलो. बाहेर आली तर पोरीचा चेहरा पडलेला. म्हणाली आई मी किट बघून पाच मिनिटं नुसती बसले, मग काहीतरी उभं केलं ते वेळ संपायच्या आत आडवं झालं. पार्ट बी मध्ये अजून वेगळी गंमत, तिथे प्रत्येक प्रश्नाला १०८ सेकंद असतात आणि मागे जाता येत नाही, तुमच्या मॉक टेस्टमध्ये पोरं आधी सोपे सोडवून मग मागे जायची, तीच सवय लागलेली. ९१ आले २०० पैकी.

नोट्सबद्दल एकच सांगते कारण हसू पण येतं आणि रागही. जनरल नॉलेजच्या पीडीएफमध्ये लिहिलंय की २०१८ चं प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टना मिळणारा जागतिक पुरस्कार, चार्ल्स कोरिया यांना मिळालं. कोरिया २०१५ मध्येच गेले हो. ते प्रित्झकर बाळकृष्ण दोशींचं, हा पुरस्कार मिळालेले ते पहिले भारतीय, जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईत जेजेला. आणि भोपाळचं भारत भवन तुम्ही दोशींच्या नावावर टाकलंय, ते कोरियांचं. म्हणजे नुसती अदलाबदल करून ठेवली आहे. माझ्या मुलीने तुम्हाला मेल करून चूक कळवली होती, थँक यू पण नाही, पीडीएफ आजही तीच आहे.

शिकवणारे म्हणाल तर जाहिरातीत “अनुभवी आर्किटेक्ट” होते. ड्रॉइंगच्या डाऊट सेशनला जो मुलगा यायचा तो स्वतः आर्किटेक्चरच्या सेकंड इयरला. एकदा मीच फोन घेतला तर तो बिचारा म्हणाला काकू उद्या माझी ज्यूरी (कॉलेजातल्या कामाची तोंडी तपासणी) आहे, तीन नाईट झोपलो नाही, शीट उद्या चेक केले तर चालतील का. त्याच्यावर माझा राग नाही, पोरगा गुणी आहे, त्याला तरी पैसे वेळेवर द्या म्हणजे झालं. मॅथ्सच्या मॅडम पण खरंच चांगल्या होत्या, रात्री दहाला सुद्धा गणित सोडवून पाठवायच्या, हे लिहिणं माझं कर्तव्य आहे.

दुसऱ्या अटेम्प्टच्या आधी आम्ही तुमचा नाद सोडला. मुलीच्या शाळेतले जुने ड्रॉइंगचे सर आहेत, आता रिटायर, इंटरमिजिएट त्यांनीच करून घेतली होती. ते म्हणाले पाठव तिला. महिनाभर आमच्या घरात लग्नपत्रिका, साबणाची खोकी, उदबत्तीच्या काड्या, स्ट्रॉ यांचा उकिरडा झाला होता, रोज घड्याळ लावून एक मॉडेल, सर येऊन बोटाने ढकलून बघायचे, पडलं की परत. एक पैसा घेतला नाही त्यांनी, चहा तेवढा घ्यायचे. मे महिन्यात १२७ आले.

आणि मग तुमची हिंमत बघा. रिझल्ट लागल्यावर आठ दिवसांत तुमच्या अकोल्याच्या ब्रँचबाहेर माझ्या मुलीच्या फोटोचं पोस्टर, “आमची गुणवंत विद्यार्थिनी”, खाली १२७. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाल्या मावशी म्हणतात तुमच्या पोरीचा फोटो लागला. आम्हाला कोणी विचारलं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले आहेत, त्यात विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय नाव, फोटो वापरता येत नाही, आणि ती संमती पण निवड झाल्यावर घ्यायची, ॲडमिशनच्या फॉर्मवर बारीक अक्षरात आधीच घेऊन ठेवलेली चालत नाही. तुमच्या फॉर्मवर अशी ओळ आहे, मी आता भिंग घेऊन वाचली.

ते फ्री काउन्सेलिंग राहिलं. सीईटी सेलच्या कॅप राऊंडला, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांच्या ॲडमिशन फेरीला, तुमच्या सरांनी ऑप्शन फॉर्म भरून पाठवला, त्यात एक नंबरला असं कॉलेज जे आम्ही कधी ऐकलं पण नव्हतं, “मॅडम सीट पक्की, ओळख आहे.” पहिल्या राऊंडला एक नंबरचा ऑप्शन लागला की तो आपोआप फ्रीज होतो, पुढे काही बदलता येत नाही, हे मला माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगच्या वेळी सांगितलं होतं म्हणून वाचलो. रात्री साडेअकराला आम्ही बसून यादी पूर्ण उलटी केली, एकेक कॉलेज कौन्सिलच्या साईटवर मान्यता आणि जागा बघून. वर त्यांनी असंही सुचवलं होतं की नाहीतर इंटिरिअरच्या तीन वर्षांच्या डिग्रीला टाका, सेमच असतं. सेम कसं असेल? १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही आणि त्याला पाच वर्षांचं बी.आर्क. लागतं. हे मला, एका शाळेच्या क्लार्कला माहीत असावं आणि तुमच्या काउन्सेलरला नाही?

मुलीला सीट मिळाली आहे, राज्यातल्याच एका कॉलेजात, बरं आहे, ती खूष आहे आणि हॉस्टेलच्या खोलीत टी-स्क्वेअर कुठे ठेवू म्हणून रोज फोन करते. त्यामुळे “तुमचं काम तर झालं ना मॅडम” असं परत म्हणू नका, मागच्या वेळी फोनवर म्हणालात तसं. झालं ते तुमच्यामुळे नाही.

माझं मागणं आता ऐका. मॅथ्सच्या मॅडमचं शिकवणं मी मोजून घेते, म्हणून पूर्ण नाही, निम्मी फी म्हणजे ३८,३५० रुपये परत करा. “नॉन रिफंडेबल” हा शिक्का दाखवू नका, जे शिकवायचं कबूल केलं ते शिकवलंच नाही तर ती सेवेतली त्रुटी होते, २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसते. पोस्टर उतरवा आणि फोटो तुमच्या इन्स्टावरून पण काढा. तिसरं मला पैशापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, यंदा ज्या पोरांनी तुमच्याकडे नाव घातलंय त्या सगळ्यांच्या पालकांना एक मेसेज पाठवा की एनआयटी आणि एसपीएसाठी जेईईचा पेपर २ए वेगळा भरावा लागतो, आणि तो मेसेज मला पण पाठवा. फॉर्मची मुदत संपायच्या आत. पंधरा दिवस वाट बघते, नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवते आणि तिथूनही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाते. वकील लागत नाही म्हणे तिथे, आणि कागद सांभाळणं हेच माझं वीस वर्षांचं काम आहे.

उत्तर मेलवरच द्या, दुपारी फोन करू नका, शाळेत असते.

आणि हो, डिसेंबरमध्ये तुम्ही “इव्हॅल्युएशनसाठी” म्हणून तिचे १४ शीट ठेवून घेतले ते अजून तुमच्याकडेच आहेत. त्यातले तेरा नाही सापडले तरी भांडणार नाही, पण बाळापूरच्या छत्रीचं शीट हवंय, तिने परत तिथे जाऊन नदीकाठी बसून काढलं होतं. घडी घालू नका, गुंडाळी करून ट्यूबमध्ये पाठवा. पत्ता फीच्या पावतीवर आहे.

आपली,
एक पालक, अकोला