पेसमेकर तपासणाऱ्या ताईंस, कृतज्ञतापूर्वक

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

पेसमेकर तपासणीच्या खोलीत आपण दिवसभरात कितीतरी रुग्ण पाहता, तेव्हा मी आपल्या लक्षात असेनच असे नाही. डाव्या कुशीवर वळले की बरगड्यांखाली उचकीसारखा हिसका बसतो, अशी तक्रार घेऊन आलेली बाई ती मीच. त्या दिवशी आभार मानायला तोंड उघडले असते तर रडूच आले असते, म्हणून हे पत्र.

माझा पेसमेकर तीन लीडचा, म्हणजे हृदयाकडे जाणाऱ्या तीन तारांचा आहे. तो बसवल्यावर धाप कमी झाली, पायांची सूज उतरली आणि घरचे निश्चिंत झाले. हिसके मात्र रात्री मी आडवी झाल्यावर सुरू होत, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडण्याची सोयच नव्हती. आधी जिथे तपासणीला जात असे, तिथल्या गृहस्थांनी मला प्रत्येक वेळी खुर्चीत बसवले, प्रोग्रॅमरच्या, म्हणजे पेसमेकर बाहेरून तपासण्याच्या यंत्राच्या, पडद्यावरून नजर न काढता बॅटरी उत्तम, लीड उत्तम असे सांगितले आणि तक्रारीचे खापर कधी गॅसवर तर कधी माझ्या मनावर फोडले. पडद्यावरचे आकडे खरे असतीलही. पण झोपल्यावर होणारा त्रास पाहायचा तर रुग्णाला एकदा झोपवून पाहावे, एवढे सुचायला फार विद्वत्ता लागत असेल असे मला वाटत नाही. पुढे पुढे घरातही 'हिचे नेहमीचेच' अशा नजरेने पाहिले जाऊ लागले आणि मी तो विषय काढणेच सोडून दिले.

आपण यंत्र सुरू करण्याआधी विचारलेत, "कोणत्या कुशीवर होतं?" मग मला डाव्या कुशीवर झोपवून, हात गार आहेत म्हणून तळवे एकमेकांवर घासून आणि माझी परवानगी विचारून, आपण आपला तळहात माझ्या बरगड्यांखाली ठेवलात आणि काही न बोलता तसाच राहू दिलात. दुसऱ्या हाताने डाव्या लीडचे व्होल्टेज थोडे वाढवलेत, हिसका बसला, आणि आपण म्हणालात, "हो, मलाही लागतोय हाताला." ताई, यंत्रातला बदल त्यानंतर झाला, पण मला हायसे वाटले ते या वाक्याने. तोवर त्या त्रासाला माझ्या शब्दापलीकडे कसलाही पुरावा नव्हता.

ती लीड हृदयाच्या बाहेरच्या अंगावरील शिरेत असते, श्वासपटल हलवणारी नस तिच्या जवळून जाते आणि कूस बदलल्यावर दोहोंतले अंतर कमी झाले की हृदयासाठी सोडलेला विजेचा स्पंद त्या नसेलाही लागतो, हे आपण दोन बोटे जवळ-लांब करून मला समजावलेत. लीडवर चार इलेक्ट्रोड, म्हणजे वीज सोडणारे बिंदू, असल्यामुळे स्पंद कोणत्या जोडीतून सोडायचा हे बाहेरूनच बदलता आले आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. प्रत्येक बदलानंतर, पडदा 'ठीक' म्हणत असतानाही, आपण मला कूस बदलायला लावून हात ठेवून पाहिलेत.

पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांचे नाव आम्ही रुग्ण भेटेल त्याला सांगतो. पुढे वर्षानुवर्षे त्या यंत्राची निगा राखणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव विचारण्याचे भानही आम्हाला नसते. आजवर हुशार माणसे मला पुष्कळ भेटली. समोरच्याचे सांगणे आधी खरे धरून मग तपासायला घेणारी फार थोडी, आणि ती बहुधा मोठ्या पदांवर नसतात.

आणखी एक. आपल्या शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलाला आपण पडद्यावरून नजर काढायला लावून, मला विचारून, त्याचाही हात तिथे ठेवायला सांगितलात. तो इतका संकोचला होता की मलाच हसू आले. पुढच्या तपासणीच्या वेळी आपण कामात असाल, तर त्याच्याकडून तपासून घ्यायला माझी मुळीच हरकत नाही, असे त्याला अवश्य कळवावे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण