‘यतो धर्मस्ततो जयः’ हे गांधारीचे उत्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई महापालिकेच्या बोधचिन्हातले ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे वचन भगवद्गीतेतले असल्याचे आपल्या अंकात एका कार्यक्रमाच्या वृत्तात वाचले. हा गैरसमज जुनाच आहे. गीतेचा शेवटचा श्लोक ‘यत्र योगेश्वरः कृष्णो’ असा सुरू होतो, त्यातही विजयाची ग्वाही आहे, म्हणून घोटाळा होत असावा. पण पालिकेचे वचन गीतेतले नाही. महाभारतात मात्र ते अनेक ठिकाणी येते. भीष्मपर्वात युद्धाला तोंड फुटण्याआधी युधिष्ठिर द्रोणाचार्यांच्या पाया पडायला जातो, तेव्हा कौरवांच्या बाजूने लढायला उभे असलेले द्रोणही त्याला जवळजवळ हेच सांगतात. तरी माझ्या मते हे वाक्य खऱ्या अर्थाने स्त्रीपर्वाचे, आणि ते गांधारीचे.

युद्ध संपले आहे, शंभर मुलगे गेले आहेत आणि गांधारी पांडवांना शाप द्यायला निघाली आहे. तिचे मन ओळखून व्यास तिला थांबवतात. आठवण करून देतात ती तिच्याच शब्दांची: अठरा दिवस दुर्योधन तुझ्याकडे येऊन म्हणत होता, ‘आई, शत्रूंशी लढायला चाललोय, माझे कल्याण चिंत’, आणि तो मागेल तेव्हा तू एकच म्हणालीस, ‘यतो धर्मस्ततो जयः’. पुढे रणांगणावर मुलाचे प्रेत पाहून ती कोसळते, शुद्धीवर आल्यावर रडते, आणि श्रीकृष्णाला हीच गोष्ट स्वतः सांगते. आपल्यावर काय ओढवणार हे सगळे जाणूनच मी त्याला तसे म्हणाले, असे ती म्हणते.

आईचा आशीर्वाद मागायला आलेल्या पोटच्या पोराला ‘विजयी भव’ म्हणायला किती वेळ लागला असता? ते ती म्हणाली नाही. तिने त्याला टाकलेही नाही. आणि ती काही रागलोभ जिंकलेली संन्यासिनी नव्हती. व्यासांनी समजावल्यानंतरही युधिष्ठिर पाया पडायला वाकला तेव्हा डोळ्यांवरच्या पट्टीच्या फटीतून तिची नजर त्याच्या बोटांवर पडली आणि त्याची नखे काळी पडली. ते पाहून अर्जुन श्रीकृष्णाच्या मागे सरकला. एवढा संताप पोटात असलेल्या बाईने मुलाला खोटा आशीर्वाद दिला नाही, म्हणून त्या वाक्याला वजन आहे.

मी परळ भागातल्या पालिकेच्या मराठी शाळांतून नोकरी केली. मुलांना दुसरीच गांधारी ठाऊक असायची: पट्टी सोडून दुर्योधनाचे अंग वज्राचे करणारी, आणि लाजेने त्याने झाकलेली मांडी तेवढी कच्ची राहिलेली. ती कथा रंजक आहे, कीर्तनातून आणि टीव्हीवरून घरोघरी गेली आहे, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून तयार केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे जुनी हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या पाठात, ती नाही. स्त्रीपर्वातला प्रसंग मात्र आहे. तो वर्गात सांगितला की मुले गप्प व्हायची. एकदा सहावीतल्या एका मुलीने विचारले, ‘बाई, मग तो रोज परत का यायचा?’ मला आजही तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. उत्तर काय मिळणार हे ठाऊक असूनही दुर्योधन आईकडे येत राहिला, आणि ते उत्तर पाळावे असे त्याला एकदाही वाटले नाही.

हेच वचन सर्वोच्च न्यायालयाच्या चिन्हातही आहे. न्यायालयात ते शोभतेच. पण शहराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला ते जास्त लागू पडते असे मला वाटते, कारण पालिकेकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायला येतो, आणि त्यांत आपली माणसेही असतात. आपल्या माणसाला नियमाबाहेरचे काही देणार नाही, हे म्हणणे किती कठीण असते ते या वचनाच्या कथेत आहे. कथा गाळून नुसते वचन ठेवले की ती विजयाची घोषणा होते.

बोरीबंदरसमोरची पालिकेची इमारत १८९३ साली पूर्ण झाली. वास्तुविशारद स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या त्या वास्तूच्या माथ्यावरची पंखधारी मूर्ती ‘हिंदुस्थानातले पहिले नगर’ या लॅटिन बिरुदाची आहे. वास्तू पाहायला येणाऱ्यांना त्या बिरुदाची आणि घुमटाची माहिती दिली जाते, ती द्यावीच. माझी विनंती एवढीच की बोधवाक्यासाठीही एक फलक तिथे लावावा, त्यावर स्त्रीपर्वातले ते दोन श्लोक मराठी अर्थासह असावेत, आणि पालिकेच्या शाळांत पाचवी-सहावीच्या मुलांना हा प्रसंग सांगितला जावा. आपणही त्या वृत्तातली दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त पालिका शिक्षिका, परळ, मुंबई