स्पर्धकांनी एकत्र लिहिलेला कोड आणि स्पर्धा कायदा : भारतीय स्पर्धा आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात वाहनांचे सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता आहे. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या एकत्र येऊन ओपन सोर्स (कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येणारे) सॉफ्टवेअर लिहितात, तेव्हा कायद्याला काय मान्य आहे आणि काय नाही, हे आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगावे, या मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे. स्पर्धा कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने कलम ६४ब आले. कोणी विनंती केल्यास किंवा स्वतःहून अशी तत्त्वे प्रसिद्ध करण्याचा अधिकार त्याने आयोगाला दिला. दंडाबाबतची तत्त्वे आपण २०२४ मध्ये काढलीही. या पत्राला तशीच एक विनंती समजावे.

आधी आमच्या कामाचे स्वरूप सांगतो. गाडीतला संगणक चालू कसा होतो, एका कंट्रोलरचा निरोप दुसऱ्यापर्यंत वेळेत कसा पोचतो, बिघाडाच्या नोंदी कुठे साठतात, हे पाहून कोणी गाडी विकत घेत नाही. ग्राहकाला कधीच न दिसणारा हा कोड प्रत्येक कंपनी वर्षानुवर्षे स्वतंत्रपणे लिहीत आली आणि तेच ते बग प्रत्येकीने आपापल्या खर्चाने निस्तरले. संगणकाच्या जगाने यातून केव्हाच वाट काढली. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, इंटेल आणि एएमडी या कट्टर स्पर्धकांचे अभियंते काम करतात, एकमेकांचे पॅच (कोडमधले बदल आणि दुरुस्त्या) उघडपणे तपासतात. गूगलने २०१४ मध्ये खुले केलेले कुबरनेटीस (अनेक संगणकांवर सॉफ्टवेअर चालवण्याचे साधन) आज ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही चालते.

वाहन उद्योगाला हे उशिरा सुचले. टोयोटा, माझदा, सुझुकी यांनी ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स या गाड्यांसाठीच्या सामाईक लिनक्स प्रकल्पात हात घातला. जून २०२५ मध्ये जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेच्या पुढाकाराने ११ कंपन्यांनी गाड्यांचे पायाभूत सॉफ्टवेअर खुलेपणाने एकत्र लिहिण्याचे ठरवले. त्यांत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन आहेत, सुटे भाग बनवणाऱ्या बॉश आणि झेडएफ आहेत, आणि पुण्याच्या केपीआयटीची भागीदारी असलेली क्वोरिक्सही आहे. या विषयावरच्या बैठकांना आता हिंजवडीतले अभियंते बसतात.

आणि बैठकीला बसताना ते घाबरलेले असतात. कलम ३(३) म्हणते की स्पर्धकांमधला करार किमती ठरवत असेल, बाजार वाटून घेत असेल, निविदांत संगनमत करत असेल किंवा उत्पादन, पुरवठा, तांत्रिक विकास यांवर मर्यादा आणत असेल, तर तो स्पर्धेला घातक आहे असे गृहीत धरले जाईल. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. कार्टेल, म्हणजे स्पर्धकांचे संगनमत, सिद्ध झाले तर ते चालले त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत दंड जाऊ शकतो; आणि आता उलाढाल म्हणजे जगभरातली उलाढाल. अधिकाऱ्यांना व्यक्तिशः दंड होतो तो वेगळाच.

ही कडक तरतूद मला मान्य आहे. सिमेंट कंपन्यांवर आयोगाने २०१२ मध्ये ६,००० कोटींहून अधिक दंड लावला, तेव्हा व्यापारी संघटनेच्या बैठकांतून किमतींची माहिती कशी फिरते हे देशाने पाहिले. पण या तरतुदीची धास्ती चुकीच्या जागी बसते आहे. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो, तिथे आम्हाला एका ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) गंभीर बग सापडला होता. दुरुस्ती तयार होती, तपासून झाली होती. त्या ड्रायव्हरचा मेंटेनर, म्हणजे त्यात कोणता बदल घ्यायचा हे ठरवणारा माणूस, नेमका आमच्या स्पर्धक कंपनीत नोकरीला होता. त्याला पॅच पाठवायचा म्हणजे स्पर्धकाशी पत्रव्यवहार, असे म्हणून कायदा विभागाने परवानगी नाकारली. दुरुस्ती आमच्याकडेच राहिली, प्रत्येक नव्या रिलीजवर ती हाताने पुन्हा चढवावी लागायची, आणि तोच बग इतरांच्या गाड्यांत तसाच राहिला. कायदा विभागातली माणसे प्रामाणिक होती. त्यांच्यासमोर ठेवायला आयोगाचा एकही कागद माझ्याकडे नव्हता, आणि कागद नसेल तेव्हा कोणताही सावध वकील नाहीच म्हणणार.

रेषा कुठे काढता येते, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण आमच्याच उद्योगातले आहे. डायमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह यांचे अभियंते डिझेल गाड्यांच्या धुराबद्दल नियमित तांत्रिक बैठका घेत असत. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला ॲडब्लू नावाचे युरियाचे द्रावण वापरतात. या द्रावणाच्या टाक्या किती मोठ्या असाव्यात, एकदा भरली की गाडी किती अंतर जावी, हे या कंपन्यांनी आपसात जुळवून घेतले. कायदा मागतो त्यापेक्षा चांगली सफाई करण्याचे तंत्र हाताशी असूनही त्यात एकमेकांशी स्पर्धा करायची नाही, असा त्याचा अर्थ होता. २००९ ते २०१४ हे चालले. जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने ८७.५ कोटी युरो दंड लावला. माहिती स्वतःहून उघड केल्यामुळे डायमलरला त्यातून सूट मिळाली. किंमत ठरवली नाही, ग्राहक वाटून घेतले नाहीत, केवळ तांत्रिक विकास रोखला म्हणून कार्टेल ठरले, असे तिथे प्रथमच घडले.

या निर्णयाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्याच वेळी युरोपीय आयोगाने या कंपन्यांना हेही कळवले की त्यांच्या सहकार्यातल्या काही गोष्टींना हरकत नाही: टाकीच्या तोंडाचे प्रमाणीकरण, द्रावणाच्या दर्जाविषयीची चर्चा, आणि द्रावण किती सोडायचे हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सामाईक पाया एकत्र तयार करणे. तीच माणसे, तेच द्रावण, बहुधा त्याच बैठका. एकत्र कोड लिहिणे चालले. कोणी पुढे जायचे नाही हे ठरवणे चालले नाही. मला आपल्या आयोगाकडून नेमका हाच भेद आपल्या कायद्याच्या भाषेत लिहून हवा आहे. एकत्र लिहिलेला कोड हा किमान पाया असावा, त्यावर कोणालाही हवे तेवढे उंच बांधता यावे. कोणी फोर्क करून, म्हणजे कोडची स्वतःची प्रत घेऊन, वेगळी वाट धरली तर इतरांनी संगनमताने त्याला अडवू नये.

आपल्या कायद्यात मला दोन ठिकाणी खरा संदिग्धपणा दिसतो. कलम ३(३) मधून कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना सूट आहे. पण ओपन सोर्स प्रकल्पात भागभांडवल नसते, नवी कंपनी स्थापन होत नाही, कोणी आज येतो आणि उद्या जातो. हा संयुक्त उपक्रम धरायचा का? दुसरे, २०२३ च्या दुरुस्तीनुसार त्याच व्यवसायात नसलेली संस्थाही स्पर्धकांच्या कराराला हातभार लावत असेल तर त्या कराराची भागीदार मानली जाऊ शकते. मग प्रकल्पाला घर देणाऱ्या, बैठकांची व्यवस्था पाहणाऱ्या ना-नफा फाउंडेशनने काय समजायचे? लिनक्स फाउंडेशनच्या बैठका स्पर्धा कायद्याची सूचना दाखवून सुरू होतात. मात्र त्या सूचनेत मुख्य भर अमेरिकेच्या कायद्यांवर असतो. बाकीचे देश ‘परदेशी कायदे’ या शब्दांत उरकले जातात. भारतातल्या अभियंत्याने त्यातून काय बोध घ्यावा?

लायसन्सचा प्रश्न मात्र मला मोठा वाटत नाही. लिनक्सचा कोड ज्या अटींवर खुला आहे ते जीपीएल लायसन्स म्हणजे किंमत शून्यावर बांधण्याचे कारस्थान आहे, असा दावा अमेरिकेत एका प्रोग्रामरने आयबीएम, रेड हॅट आणि नोवेल यांच्यावर लावला होता. २००६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो ठामपणे फेटाळला.

धोका कोडच्या आजूबाजूला असतो. रोडमॅपची बैठक घ्या. पुढच्या रिलीजमध्ये कोणते फीचर यावे ही चर्चा प्रकल्पाची आहे. ‘आमची नवी गाडी अमुक महिन्यात येते, तोवर हे थांबवा’ हे वाक्य उच्चारले की ती बाजाराची झाली. बैठकीनंतर चहा पिताना पगारांचे आकडे निघतात, एकमेकांची माणसे घ्यायची नाहीत असे हसत हसत ठरते. तरुण अभियंत्यांना यात काही गैर आहे हे ठाऊकच नसते, कारण त्यांना ते कोणी सांगितलेलेच नाही. सभासदत्वाचेही तसेच. कोड सर्वांना खुला, पण निर्णय घेणाऱ्या मंडळावरची खुर्ची मोठी वर्गणी भरणाऱ्याला. आणि ‘आमच्याशी सुसंगत’ हा शिक्का कोणाला द्यायचा तेही तेच मंडळ ठरवणार. भोसरीतल्या लहान पुरवठादाराला त्या शिक्क्याशिवाय ऑर्डर मिळणार नसेल, तर खुल्या कोडचा त्याला काय उपयोग? गाड्यांच्या सुट्या भागांच्या प्रकरणात आयोगाने २०१४ मध्ये १४ कंपन्यांना दंड केला होता. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि निदानाची साधने मिळू न देणे हा त्यातला कळीचा मुद्दा होता. तोच विचार शिक्क्याला लागू करावा.

सुरक्षेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी २०१७ च्या मध्यावर कंपन्यांना कळवल्या गेल्या आणि ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाल्या. मधले महिने स्पर्धक कंपन्या गुप्तपणे एकत्र दुरुस्ती करत होत्या. ही गुप्तता आवश्यकच होती, कारण दुरुस्तीआधी बातमी फुटली असती तर हल्लेखोरांचे फावले असते. पण आतल्या वर्तुळात कोण, बाहेर कोण हे मूठभर कंपन्यांनीच ठरवले आणि बाहेर राहिलेल्यांची धावपळ झाली. म्हणून सुरक्षेसाठीच्या गुप्त चर्चेला मोकळीक असावी. तिला मुदत असावी, विषय त्रुटीपुरता असावा आणि आत घेण्याचे निकष आधीच लिहिलेले असावेत.

अमेरिकेने स्पर्धकांच्या सहकार्याबाबतची २००० सालची तत्त्वे डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतली. युरोपने २०२३ मध्ये आपली तत्त्वे नव्याने लिहिली. सरकारी कामांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण आपल्या केंद्र सरकारने २०१५ मध्येच आणले आहे. सरकारला हा कोड हवा असेल, तर तो लिहिणाऱ्या हातांना कायद्याची वाट दाखवणेही सरकारी यंत्रणेचेच काम आहे.

मी सरसकट सूट मागत नाही. तशी सूट मिळाली तर ‘ओपन सोर्स’ अशी पाटी लावून साटेलोटे करणारे उद्याच उभे राहतील आणि खऱ्या प्रकल्पांचे नाव बदनाम होईल. कलम ६४ब खालची तत्त्वे आयोगावर बंधनकारक नसतात हेही मला ठाऊक आहे. तरी चालेल. सार्वजनिक जागी होणारे कोडलेखन, तपासणी आणि बगदुरुस्ती यांकडे आयोग एरवी संशयाने पाहणार नाही, एवढे एक वाक्य आपल्या सहीने आले तरी अनेक कायदा विभागांतली अडलेली परवानगी सुटेल.

मसुदा काढाल तेव्हा तो सूचनांसाठी खुला करावा आणि त्याचा दोन-तीन पानांचा सोपा गोषवारा मराठीसह भारतीय भाषांत द्यावा. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते; पिंपरी-चिंचवडमधल्या दहा माणसांच्या कंपनीला तो गोषवाराच वकील होईल. कायद्याच्या कलम ४९ ने जनजागृतीचे आणि प्रशिक्षणाचे काम आयोगावर सोपवले आहेच. त्या कामातला एक दिवस आयोगाच्या अधिकाऱ्यांनी पुण्यात घालवावा आणि एखाद्या प्रकल्पाची प्रत्यक्ष बैठक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी. बैठकीची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि गेल्या वर्षभरातली सगळी पॅच-चर्चा समोर ठेवायला आम्ही तयार आहोत.

आपला नम्र,
पुण्यातील एक वाहन-सॉफ्टवेअर अभियंता