कॅलिपर कीटमधलं ते ग्रीसचं पाकीट आधी बंद करा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: पुढच्या ब्रेक कॅलिपरचं रिपेअर कीट, सोबत आलेलं चुकीचं ग्रीस आणि त्यामुळे परत जाम झालेलं चाक

नमस्कार,

ऑर्डर नंबर मेलच्या विषयात घातलाय, बिल जोडलंय, फुगलेल्या सीलचे फोटो जोडलेत, त्यामुळे "सर कृपया डिटेल्स शेअर करा" हा रिप्लाय परत पाठवू नका. तो मला आधीच आलाय, आणि त्यानंतर फोनवर जे ऐकायला मिळालं ते त्याहून भारी, म्हणून आता लिहूनच देतोय.

गाडी 1998 ची झेन. आम्ही राहतो मांद्र्याला, समुद्र जवळ, खारी हवा, वर पावसाळ्याचे चार महिने, इथे लोखंड म्हणून जे काही आहे त्याला गंज येतोच. डाव्या चाकाच्या कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) डस्ट बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारं रबर, फाटला होता, पाणी आत गेलं, पॅड ढकलणारा पिस्टन गंजून अडकला. गाडी डावीकडे ओढायची आणि जरा फिरून आलं की त्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. इथपर्यंत तुमचा काही संबंध नाही, जुनी गाडी आहे, चालायचंच. म्हणून तुमची दोन कीट मागवली, एक डावीला आणि एक पुढेमागे उजवीला लागेल म्हणून. बॉक्सवर मोठ्या अक्षरात "घरच्या घरी बसवा" लिहिलंय, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी काय काय केलं ते सविस्तर सांगतो कारण तुमच्या माणसाने फोनवर पहिलं वाक्य हेच टाकलं की "होज खराब असेल सर". होज, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी, आतून सुजला की प्रेशर जातं पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं, हे मलाही माहितीय. म्हणूनच गाडी जॅकवर घेऊन, खाली घोडी लावून, आधी ब्लीडर निपल (कॅलिपरमधलं ऑइल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सैल केला. प्रेशर अडकलेलं असतं तर तिथून ऑइल सुटल्यावर चाक मोकळं व्हायला हवं होतं. ते झालं नाही, म्हणजे अडचण कॅलिपरमध्येच. मग कॅलिपर उतरवला, होज न काढता, समोर लाकडाचा ठोकळा धरला आणि बायकोला सांगितलं पेडल हळूहळू दाब, पिस्टन बाहेर आला. कॉम्प्रेसरची हवा मुद्दाम मारली नाही, पिस्टन उडून बोटं जातात. गंज फक्त बाहेरच्या कडेला होता, सील जिथे बसतं तिथे एकही खड्डा नव्हता. बारीक पॉलिशपेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून साफ केला, सीलची खाच लाकडी काडीने खरवडली, आणि मग तुमचा कागद उघडला.

त्या कागदावर लिहिलंय की सीलला, पिस्टनला आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनला सोबतचं ग्रीस भरपूर लावा. पाकिटावर "ब्रेक ग्रीस" एवढंच छापलेलं, ते कशापासून बनवलंय त्याचा पत्ता नाही. कागदात सांगितलं तसंच लावलं, नवं डॉट 3 ब्रेक ऑइल भरलं, एअर काढली, चाक मस्त फिरायला लागलं.

चवथीच्या आधी बेळगावला गेलो होतो, येताना चोर्ला घाट उतरताना परत तोच जळका वास आणि त्याच चाकातून धूर. बायको आणि मुलगी गाडीत होती, बाहेर पाऊस. सारखं पेडल मारायला नको म्हणून दुसऱ्या गिअरवर हळू आणत केरीच्या अलीकडे कडेला घेतली. एका भल्या माणसाने पाण्याची बादली आणली, त्याला हात जोडून सांगितलं की तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर डिस्क वाकडी होईल नाहीतर तडकेल, आपोआप गार होऊ दे. नशीब की ऑइल नवं होतं. डॉट 3 चा उकळबिंदू नवं असताना किमान 205 अंश असतो, तेच ओलावा खाल्लेलं ऑइल 140 लाही उकळू शकतं, मग पेडल सरळ तळाला जातं. जुन्याच ऑइलवर घाट उतरलो असतो तर हे पत्र दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं असतं.

घरी येऊन परत खोललं. पिस्टन चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. पण सील असं फुगलेलं की खाचेतून काढताना वरची कड तुटून हातात आली, आणि पिनचे बूट सैल पडून खाचेत राहीनात. ब्रेक सोडल्यावर पिस्टन केसभर मागे ओढायचं काम ते चौकोनी सीलच करतं, दाबलं की वाकतं आणि सोडलं की सरळ होतं. तेच फुगून पिस्टनला आवळून बसलं तर ब्रेक सुटणार कुठून?

दुसरं कीट न उघडलेलं होतं, म्हणून त्यातले पिनचे दोन बूट घेतले, एक बाटलीत स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये आणि दुसरा तुमच्याच पाकिटातल्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवला. ऑइलमधला होता तसाच राहिला. ग्रीसमधला ताकात टाकलेल्या वड्यासारखा फुगला. दोन्हींचे व्हर्नियर लावून काढलेले फोटो जोडलेत, बघा. ब्रेकमधलं रबर बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं, त्याला ब्रेक ऑइल चालतं पण पेट्रोलियमचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात चालत नाही, फुगतं. तिथे लाल रबर ग्रीस लागतं, नाहीतर सिलिकॉनचं, आणि सील तर नुसतं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवलं तरी पुरतं. म्हापशाच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात पोरगा हे सांगेल. तुमचं रबर चांगलं आहे हो, खरंच चांगलं आहे, म्हणून तर जास्त चीड येते की सोबत त्याचंच विष पाठवता.

तुमच्या कस्टमर केअरचं म्हणणं, एक, समुद्राजवळ राहता म्हणून गंज. उजवं चाक त्याच हवेत आहे, त्याला मी हातही लावलेला नाही, ते व्यवस्थित चालतंय. दोन, अधिकृत मेकॅनिककडून बसवलं नाही म्हणून वॉरंटी नाही. मग बॉक्सवर "घरच्या घरी" कशाला छापता? विकताना घरच्या घरी आणि तक्रार आली की अधिकृत मेकॅनिक, असं कसं चालेल.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन्ही कीटचे पैसे आणि तापून गेलेल्या डिस्क-पॅडचा खर्च परत करा, हे झालं माझ्यापुरतं. पण त्याच्या आधी ते पाकीट बॉक्समधून काढा, कागदातली ती ओळ बदला, आणि ज्यांना ज्यांना हे कीट पाठवलंय त्यांना मेसेज करा, तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत, ऑफरचे मेसेज बरोबर येतात. माझ्या लक्षात घाटात आलं, दुसऱ्या कोणाच्या कुठे येईल काय माहीत.

कीट तुमच्याच साइटवरून घेतलंय, आणि ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो. नाही दिला तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन, मग उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच केस करता येते, तुमच्या शहरात यायची गरज नाही, आणि त्याच कायद्यात वापराच्या अपुऱ्या सूचनांसाठीही कंपनीला जबाबदार धरलंय, तेवढं तुमच्या वकिलाला दाखवून घ्या.

उत्तर लेखीच पाठवा, फोन नको. फुगलेलं सील, दोन्ही बूट आणि उरलेलं ग्रीस डब्यात बंद करून ठेवलंय, तपासायला हवं असेल तर अर्धं पाठवतो, अर्धं माझ्याकडे राहील, कुरियरचा खर्च तुमचा.

आपला ग्राहक,
मांद्रे, पेडणे, गोवा