खालचे दोन बर्थ

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

तिकिटं काढली आहेत. तुम्हाला न विचारता काढली, हे आधीच कबूल करते. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, 'तुम्ही तिघं जाऊन या, आम्ही घर सांभाळतो', आणि आईने मान डोलावली असती. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. आपला निर्णय होईपर्यंत कोकणाकडची गाडी भरून गेली असती.

जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या, पहाटे रत्नागिरी, तिथून गाडीने गणपतीपुळे. सोमवारी दुपारी मांडवीने परत. परतीचा प्रवास मुद्दाम दिवसाचा घेतला. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. पिल्लू अंधाराला घाबरणार नाही, पण बाबा, तो संपेपर्यंत तुम्ही त्याला मांडीवर घ्या. मी लहान असताना खंडाळ्याच्या घाटात घ्यायचात तसं.

आता एक गोष्ट नीट वाचा, म्हणजे मनात काही राहायला नको. तुमचं तिकीट आमच्यापासून वेगळं काढलं आहे. पीएनआरसुद्धा वेगळा. असं का, तर साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं असली तरच तो लागू होतो. आमची नावं त्याच तिकिटावर घातली असती तर कॉम्प्युटरने वय बघितलंच नसतं आणि आईच्या नशिबी मधला बर्थ आला असता. त्या गुडघ्यांनी? म्हणून दोन तिकिटं. डबा एकच आहे. तुमचे 9 आणि 12, म्हणजे समोरासमोरचे खालचे. आमचे 20 आणि 21, लगेच पलीकडच्या कप्प्यात. आई नुसती खाकरली तरी मला ऐकू येईल.

भाड्यातली सवलत 2020 च्या मार्चपासून बंद आहे, तेव्हा बाबा, ती मागायला विसरले का हे विचारू नका. पिल्लू पाच वर्षांच्या आतला, त्याला तिकीट लागत नाही. आणि हे सगळं मी माझ्या पगारातून केलं आहे. जावयाचे पैसे, ही खंत आईने करू नये. जावयाला विचाराल तर आईच्या हातचे मोदक सोडून त्याचं दुसरं काही मागणं नाही.

तिकीट वेगळं असल्यामुळे ओळखपत्रही तुमचं तुमच्याजवळ हवं. मूळ आधार कार्ड, झेरॉक्स नाही. ते बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

गाडीत चढू तेव्हा मधले बर्थ लावलेले असतील, त्यामुळे खाली ताठ बसता येत नाही, डोकं आपटतं. उठताना आधी पाय खाली सोडा, मग मान वाकवून बाहेर या. बाबा, तुमच्यासाठी आणखी एक. रात्री लघवीला उठाल तेव्हा पाय खाली सोडून मिनिटभर तसेच बसा, मगच उभे राहा. बीपीच्या गोळ्या चालू असताना झटकन उठलं की रक्त खाली उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि त्यात गाडी हलत असते. आईने हाक मारून मला उठवावं, मी बरोबर येईन. मला झोपेतून उठवायचा संकोच तुम्ही कधीपासून करायला लागलात?

आणि आई, कोणी कितीही गोड बोलून विनंती केली तरी खालचा बर्थ बदलून द्यायचा नाही. तू देशील, म्हणून सांगते.

एसी थंड असतो. चादर-ब्लँकेट मिळतं, तरी बाबांची कानटोपी आणि तुझी शाल हवीच. इलेक्ट्रिक किटली मात्र आणू नका. डब्यातले सॉकेट मोबाईल चार्ज करण्यापुरते असतात, किटली लावायला मनाई आहे. नातवाला गरम खायला काय, ही काळजी मला माहीत आहे. नाचणीचं सत्त्व नको, नुसत्या गरम पाण्यात त्याच्या गुठळ्या होतात आणि ते कच्चं राहतं, त्याला आचेवर शिजवावंच लागतं. त्यापेक्षा पातळ पोहे कोरडे भाजून मिक्सरला बारीक करून आण, वाटीभर पुरे. दोन चमचे पिठावर थर्मासमधलं गरम पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, वरून तूप. पीठ आधीच थर्मासात घालू नकोस, त्याचा लगदा होतो.

पहाटे पोचलो तरी ताटकळायचं नाही. खोली आदल्या रात्रीपासून घेतली आहे. एका रात्रीचं भाडं जास्त पडलं, पण दुपारपर्यंत बाकावर बसून राहण्यापेक्षा गेल्या गेल्या पाठ टेकता येईल. खोली तळमजल्याची, कमोडची, आणि चहा खोलीत मिळतो. बिनसाखरेचा. मी फोन करून विचारलं आहे. स्टेशनवर गाडी येईल. आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीसएक किलोमीटर आहे, वळणं बरीच, आई पुढे बसेल.

देवळाची प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला असते, साधारण किलोमीटरभर. ती सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत करू. पाय दुखले तर अर्ध्यातून मागे फिरायचं. समोरून हात जोडले तरी चालतं, बाबा. समुद्रात मात्र पावलं भिजतील इतकंच. तिथला किनारा एकदम खोल होतो आणि लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढते.

आता मशीनचं. परवा कुरियरने बीपी मोजायचं मशीन पोचेल. डॉक्टरांनी गोळी बदलली आहे, तेव्हा निघण्याआधी निदान सात दिवसांचे आकडे वहीत हवेत. पट्टा 22 ते 32 सेंटिमीटरचा आहे. बाबांच्या दंडाचा घेर 29, आईच्या शिवणाच्या टेपने मोजला होता तोच. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, संध्याकाळी जेवणाच्या आधी. अर्धा तास चहा नको, लघवी करून या, मग पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. बाही वर गुंडाळू नका, ती दंडाला काचते. हात सदऱ्यातून बाहेरच काढा. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर, आत दोन बोटं सरकतील इतका सैल. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. लोंबता ठेवला तर आकडा उगाच वाढतो. बातम्या बंद, बोलणं बंद. आई, तेवढा वेळ भाजीचा भाव सांगू नकोस. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, चांगला दिसेल तो एकच नव्हे.

सरासरी 135/85 च्या वर राहिली तर डॉक्टरांना कळवा, गोळी आपल्या मनाने वाढवू नका. 180/120 च्या वर दिसलं तर पाच मिनिटं बसून परत मोजा, तरी तेवढंच असेल तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं यांतलं काही असेल तर मोजत बसायचं नाही. 108, आणि मग मला. मध्यरात्री असलं तरी.

इकडे याल तेव्हा मशीन बरोबर आणा, पण पिल्लाच्या हाती लागू देऊ नका. नळी ओढली की जोडावरून हवा गळते आणि मशीन एरर दाखवत राहतं. त्याला तो पट्टा अस्वलाला बांधायचा असतो, म्हणून त्याच्यासाठी जुन्या मोज्याचा एक पट्टा शिवून ठेवला आहे.

नाशिकहून दोन दिवस आधीच या, म्हणजे दमणूक उतरेल. गाडी मी पाठवते, एसटीने यायचं नाही. लोणच्याची बरणी घरीच राहू दे, बाबांना मीठ कमी सांगितलं आहे. रागावू नका, सोमवारी परत आल्यावर एक फोड देईन.

आई, तुझी ती जुनी गोधडी तेवढी आण. बर्थवर पिल्लाला मी भिंतीकडे घेणार आहे, पण तो झोपेत माझ्या अंगावरून पलीकडे येतो. गोधडीची गुंडाळी कडेला लावली की अडतो. दुसरी पांघरुणं लावून पाहिली, ती सरकतात.

तुमची,
मनी